हुकुमदाराची भाकरी

हुकुमदार नावाच्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत रोज रात्री त्याच्यासाठी एक भाकरी आणि लसणीची चटणी मी पायरीवर झाकून ठेवत होते. सकाळी ताटली रिकामी असायची, वर घासून पालथी घातलेली. माणूस शिस्तीचा आहे, असं मला वाटायचं.

तेव्हा आम्ही रत्नागिरीला होतो. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, आणि घाटावरच्या ड्रायव्हरला कोकणात टाकायची तेव्हा रीतच होती. शहरात खोल्या मिळत होत्या, पण 'घाटावरचे' म्हटलं की भाडं वर जायचं. मग कुणीतरी सड्यावरची एक खोली सांगितली. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान. झाड कमी, वारा जास्त. सांगणारा जरा घुटमळत म्हणाला, "बौद्धाचं घर आहे. चालेल का?" ह्यांनी विचारलं, "पाण्याचं काय?" "विहीर आहे." "मग चालेल की."

घरमालक फौजेतून पेन्शनीत आलेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत, मीही तेच म्हणायची. मुलगा मुंबईला, बायको वारलेली. जांभ्या चिऱ्यांचं कौलारू घर, पुढं पडवी, आणि घराच्या एका बाजूला आमची खोली. त्यांच्या दाराला कडी होती पण ती लावलेली मी पाहिली नाही. सड्यावर प्रत्येकानं आपापल्या आवाराला चिऱ्यांचा गडगा रचलेला. हवालदारांचा गडगा एका पावसात ढासळला, आणि त्यांनी तो परत रचलाच नाही. चिरे ज्याला लागतील तो घेऊन जायचा. लोकांची गुरं आवारात शिरायची. गाय दिसली की हवालदार पडवीतून उठून ताठ उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "थम! कौन आता है?" गाय थबकायची. हवालदार क्षणभर वाट बघायचे, मग हात हलवायचे, "पास!" गाय पुढं येऊन जास्वंद खायची.

पोस्टमनलाही हेच. मलाही. पाण्याची कळशी घेऊन विहिरीवरून येताना "कौन आता है?" झालं की मी "मी हाय वं" म्हणायची आणि ते मान हलवायचे, "नापास. 'दोस्त' म्हणायचं."

फक्त कोंबड्यांचं खुराडं मात्र ते रोज संध्याकाळी स्वतः बंद करायचे, वर लोखंडी आकडा अडकवून, दोनदा ओढून बघून. मी एकदा विचारलं, "घराला कडी न्हाई आन खुराड्याला एवढा बंदोबस्त?" तर म्हणाले, "कोल्हा 'दोस्त' म्हणत नाय गो. आन कोंबड्यांना माझं म्हणणं समजावता येत नाय."

आवारात मागच्या अंगाला किंजळीचं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी एक उभा दगड. त्या दगडावर आरसा टेकवून हवालदार रोज दाढी करायचे. शेजारच्या काकी त्या वेळी नेमक्या विहिरीवर असल्या तर तोंड फिरवायच्या आणि स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारून घ्यायच्या. दाढी करण्यात एवढं काय पाप, ते मला कळत नव्हतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी भित्री होते. बेताची नव्हे, पार. माहेर माणदेशातलं, गावापासून लांब रानात वस्ती. मी सहावीत असताना वस्तीवर दरोडा पडला. आजीच्या कानातली फुलं ओरबाडून नेली, कान फाटला. त्यानंतर वडिलांनी वस्तीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पुढच्या वर्षी ते उंच केलं. मग कुत्री आणली, मग खिडकीला गज, मग दारामागं अडसर. दरोडेखोर परत कधी आले नाहीत, पण दर वर्षी कुंपण वाढायचं, आणि वाढलं की आम्हाला वाटायचं, अण्णांना काहीतरी कळलंय, म्हणूनच वाढवलं. शाळा कुंपणाबाहेर राहिली. सहावीचं पुस्तक मी कितीतरी वर्षं वाचत होते, तेच ते.

रत्नागिरीला आल्यावर ह्यांची गाडी वस्तीची. संध्याकाळी नाटे गावाला नाहीतर मालगुंडला न्यायची, रात्री तिथंच मुक्काम, पहाटे परत. म्हणजे आठवड्यातल्या निम्म्या रात्री मी एकटी. कडी लावायची, खुंटी घालायची, आणि लग्नात आलेली लोखंडी ट्रंक सरकवत नेऊन दाराला टेकवायची. मग डोक्यावरून वाकळ. झोप नाहीच. वारा कौलांत शिरला की दरोडा, घूस धावली की दरोडा. सकाळी हे येऊन दार वाजवायचे आणि आत ट्रंक ओढल्याचा खडखडाट. "तुझं दार उघडतंय का आगगाडी सुटतीय?" म्हणायचे. सुरुवातीला हसून, मग न हसता.

एक दिवस म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर गावी आईपाशी ऱ्हा." सासरी वाईट वागवत नव्हते, पण गावी राहिलेल्या ड्रायव्हरच्या बायका मी पाहिल्या होत्या. नवरा सणाला येतो, पाहुण्यासारखा जेवतो, जातो. मला ह्यांच्याबरोबर राहायचं होतं. भिंतीला मीच चुना लावलेली ही एक खोली होती, आयुष्यात पहिली, जिथं चूल माझी होती. ती फक्त झोप येत नाही म्हणून जाणार होती.

अशात काकींनी मला विहिरीवर गाठलं.

"गो घाटीण, डोळे बघ तुझे. झोप लागते काय त्या घरात?"

"न्हाई लागत, काकी."

"लागंल कशी? राखणदार नाय त्या घराला. होता, चांगला होता. ह्या येड्यानं घालवलान."

आमच्याकडं राखणदार म्हणजे राखण करणारा माणूस. द्राक्षाला, उसाला ठेवतात तो. मी विचारलं, "का वं? पगारावरनं काय झालं?"

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. "पगार कसला? वर्साला एक कोंबडा नि नारळ. तेवढा पन जड झाला ह्याला."

मला हवालदारांचा असा राग आला! कळशी तशीच ठेवून मी पडवीत गेले. ते मांडीवर काथ्या वळत बसले होते. रिकामा हात त्यांना चालायचा नाही, सुंभ वळून ढीग लावायचे आणि कुणालाही देऊन टाकायचे.

मी म्हणाले, "राखणदार परत ठेवा."

त्यांचा हात थांबला. "काय ठेवू?"

"राखणदार. काकींनी सांगितलं मला सगळं. वर्षाला एका कोंबड्यावर राबणारा माणूस आमच्याकडं शोधून मिळायचा न्हाई, आन तुम्ही त्याला घालवला? कोंबडा मी देते. हवं तर नारळ पण मीच बघते. पण त्याला बोलवा."

हवालदार हसायला लागले. आवाज न करता हसायचे ते, नुसते खांदे हलायचे. हसता हसता माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि खांदे एकदम थांबले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना बहुतेक त्या दिवशी दिसली असावीत. "बरं गो," म्हणाले, "बघतो काय करता येईल ते."

त्या रात्री जेवणं झाल्यावर पडवीतून त्यांचा आवाज आला. मोठा, सड्याच्या पार टोकाला जाईल असा. "हुकुमदार!" मग थोडा वेळ काही नाही. मग हलकेच, "पास. सब ठीक."

ठेवला! मी मनात म्हटलं. हुकुमदार. नाव जरा उत्तरेकडचं वाटत होतं, पण त्या दिवसांत आंब्याच्या बागांना गुरखे यायला लागले होते, तसाच असेल कुणी. दुसऱ्या रात्रीही हाक आली, तिसऱ्याही. आधी ते असे ओरडत नसत का? असतीलही, मी कानावरून वाकळ ओढून असायची. आता मात्र मी हाकेची वाट बघायला लागले. "हुकुमदार!" ऐकलं की कूस बदलायची आणि सकाळच. एवढ्या थंड वाऱ्यात कुणीतरी आपल्यासाठी फिरतोय म्हटल्यावर मला राहवेना. कोकणात ज्वारीची भाकरी कुणी करत नाही, पण गावाहून आणलेलं पीठ माझ्याकडं होतं. ताटली पायरीवर जायला लागली. कधी ट्रंक दाराला लावायची राहिली, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. गावी जायचा विषय ह्यांनी काढलाच नाही. ह्यांनाही घरी असताना रात्री ती हाक ऐकू यायची. एकदा म्हणाले, "हवालदाराचं कुत्रं गुणाचं दिसतंय. कधी भुंकत न्हाई." त्यांना हुकुमदार कुत्र्याचं नाव वाटलं होतं. मी म्हटलं, "कुत्रं न्हाई, माणूस हाय." "असंल," म्हणाले आणि झोपले. ह्यांना जगात कशाचंच नवल नव्हतं.

संक्रांतीला मी तिळगूळ केला. हवालदारांना दिला आणि म्हणाले, "हुकुमदारांना पण बोलवा की जरा. एवढे दिवस झाले, उजेडात एकदा बघू द्या तरी."

हवालदारांनी लाडू खाली ठेवला. सुंभाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाले, "बस."

मी बसले.

"मी भरती झालो तवा आमचे साहेब गोरे. पहाऱ्यावर असताना चाहूल लागली की 'हू कम्स देअर', म्हणजे कोण येतंय तिकडं, असं इंग्रजीत ओरडायचं, असा हुकूम. आमच्या तोंडात ते इंग्रजी कुठं बसणार? त्याचा झाला हुकुमदार. पलटणच्या पलटण रात्रभर हुकुमदार, हुकुमदार. पुढं साहेब गेले, हुकूम बदलला, 'थम, कौन आता है' आलं. दिवसा मी ते म्हणतो. पन रात्री तोंडात जुनंच येतं."

"म्हणजे माणूस?"

"माणूस नाय."

"आन माझी भाकरी?"

"मी खाल्ली," ते म्हणाले. "चटणी फार चांगली असते तुझी."

मग त्यांनी राखणदाराचंही सांगितलं. कोकणात प्रत्येक घराला, शिवाराला एक राखणारा असतो असं मानतात. दिसत नाही, रात्री काठी टेकत फिरतो, वर्षाला त्याचं त्याला दिलं की घर सांभाळतो. किंजळीखालचा दगड त्याचाच. मला काकींची गालावरची चापट आठवली.

"तुम्ही त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुझ्या डोक्यात आधीच चोर बसलेले. त्यात आणखी एक कशाला बसवू?"

"मग मी एवढे दिवस झोपत होते ती?"

हवालदार पुढं वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खरंच जाणून घ्यायचंय, असं तोंड होतं. "तेच मी तुला विचारीन विचारीन म्हणत होतो. इथं कोण नव्हतं. मी तर आठ वाजता घोरायला लागतो. मग तू झोपलीस ती कुणाच्या भरवशावर गो?"

गोड बोलायचा दिवस, आणि मी त्यांना म्हणाले, "तुम्ही मला फसवलं." ताट उचलून खोलीत आले आणि त्याच रात्री ट्रंक परत दाराला लागली.

भीती गेली असती आणि परत आली असती तर बरं. ती वाढून परत आली. आता सड्यावर चोर होता, राखणदारही होता, आणि तो तर रागावलेला. आठवडाभर मी टक्क जागी. ह्यांनी सकाळी पुन्हा ट्रंकेचा खडखडाट ऐकला आणि शांतपणे सांगितलं, "शिमग्याला रजा टाकतो. गावी सोडतो तुला. असं रोज मरण्यापेक्षा ते बरं." ह्यांचंही चुकलं असं मी आज म्हणणार नाही. माझे गाल बसले होते.

पण त्या प्रश्नानं काही पाठ सोडली नाही. भाकऱ्या थापताना, पाणी शेंदताना मनात तेच: खरंच, कुणाच्या भरवशावर? भीतीपेक्षा हे कोडं मोठं व्हायला लागलं. शेवटी एका सकाळी मीच पडवीत जाऊन बसले. मागचं कुणी काढलं नाही. मी म्हणाले, "तुम्हाला भ्या वाटत न्हाई का?"

"वाटतं की," हवालदार म्हणाले. "लढाईत वाटलं, त्याच्यापेक्षा जास्त ह्या पडवीत वाटलं."

त्यांच्या माणसांनी धर्म बदलला, देव्हाऱ्यातले देव काढले, तेव्हा ते पलटणीत होते. वडिलांनी सगळं सोडलं, पण राखणदाराचा कोंबडा तेवढा मागच्या दारानं चालू ठेवला. "देव गेले तरी चालतील, पन हा घरातलाच, म्हणायचा माझा बापूस." वडील वारले, हवालदार पेन्शनीत आले आणि त्यांनी तो कोंबडा बंद केला. सगळा गाव सांगून गेला, वर्षाच्या आत बघ काय होतं ते. आणि हवालदार वर्षभर वाट बघत बसले. नारळ पडला तरी दचकायचे. ताप आला तर वाटायचं, आला. "बंदूक चालवलेला माणूस मी, आन हातात दांडकं घेऊन एका दगडाच्या समोर बसून! काय सांगू तुला. एकदा काळोखात पाचोळा वाजला, आन तोंडातनं आपसूक निघालं, हुकुमदार! फौजेतली सवय. आन मग नियमच तो. विचारलंस तर उत्तरासाठी थांबायचं. थांबलो. कोण बोलंना. तवा पहिल्यांदा कळलं, मी वर्षभर नुसता बंदोबस्त करत होतो, विचारलं कधी नव्हतं."

"मग राखणदार आला न्हाई?"

"मी पेन्शनीत आलो, त्यालाही पेन्शनीत पाठवला. पिढ्यान् पिढ्या रात्रपाळी केलान बिचाऱ्यानं." आणि किंजळीखालच्या आरशाच्या दिशेनं हनुवटी उडवली.

रोज तिन्हीसांजेला ते आतल्या दोन तसबिरींपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे. त्यात 'सरणं' असा शब्द यायचा, पुन्हा पुन्हा. सरण म्हटलं की मला चितेची लाकडं दिसायची. दिवेलागणीला हा माणूस असं अभद्र का बोलतो, म्हणून मी कान झाकून घ्यायची. त्या सकाळी तेही विचारून टाकलं. पुन्हा खांदे हलले. "अगो, सरण म्हणजे शरण. आसरा. जिथं जाऊन टेकायचं ती जागा. पण तू म्हणतेस तेही खोटं नाय. त्या लाकडांपर्यंत जी जागा बरोबर येईल तीच खरी. गडगा काय तिथवर येत नाय."

मग त्यांनी मला काम लावलं. आजपासून पहारा तुझा. ट्रंक हवी तर लाव, माझी ना नाही, पण भीती आली की आधी विचारायचं, आणि उत्तरासाठी थांबायचं. सकाळी मला रिपोर्ट.

मधे एक गोष्ट घडली. हवालदार पेन्शन आणायला गेले होते, मी विहिरीवर, आणि भर दुपारी त्यांच्या पडवीतला तांब्याचा हंडा चोरीला गेला. त्यांच्या लग्नातला हंडा. मी त्यांची वाट बघत बसले. मनात एकीकडं असंही होतं की आता कळेल हवालदारांना, आता लावतील कडी. ते आले, रिकाम्या जागेकडं बघत उभे राहिले. वाईट वाटलं त्यांना, दिसलं ते; हंड्याच्या बुडानं जमिनीवर उमटलेल्या वळ्यावरून त्यांनी पायाचा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "एवढा जड हंडा! सड्यावरनं नेलान कसा? डोक्यावर घेतलान तर लांबनं दिसला असता." आणि चालत चालत पार कातळाच्या कडेपर्यंत बघून आले. परत येऊन म्हणाले, "खांद्यावर नेलान असणार. रेटत नेला असता तर ओरखडे उठले असते."

काकी गडग्यावरून ओरडल्या, "राखणदार असता तर नेता काय कोण?"

"नेलाच असता, वहिनी. तुमची गेल्या साली शेळी गेली, तुमचा राखणदार तवा काय मुंबईला गेलेला?"

काकी फणकारल्या आणि आत गेल्या.

मी म्हणाले, "हवालदार, आता तरी कडी लावा."

"हंडा गेला," ते म्हणाले. "मी गेलो काय? बघ, हाय तसाच हाय." आणि मग हळूच, "त्या मेल्यानं हंड्याबरोबर तुझी भीती नेलान असती तर मी त्याला झाकणही दिलं असतं."

त्या रात्री मी मुद्दाम कान देऊन त्यांची हाक ऐकली. मला ऐकायचं होतं, आवाजात काही फरक पडतो का. कुठंतरी कापरा, कुठंतरी चढा. "हुकुमदार!" तोच आवाज. तेवढाच मोठा, तेवढाच थांबा, तोच "पास." सांगितलेलं मला फारसं पटत नव्हतं, पण हे मी कानानं ऐकलं. घर लुटलं गेलेल्या माणसाचा आवाज मी माझ्या वडिलांचा ऐकलेला होता. तो असा नव्हता.

रिपोर्ट सुरू झाले. हवालदार सुंभ वळत विचारायचे, "काल कोण आलं?"

"वारा."

"पास केलास?"

"केला. मग घूस आली. ती न विचारताच गेली."

"बेशिस्त जात. आणखी?"

"सासूबाई."

"त्यांना पास केलंस?"

"त्यांना जरा वेळ लागला."

खांदे हलायचे. रोज असं काहीतरी. अण्णांचं कुंपण आलं एकदा. काटे नुसते वाढत चाललेत, असं. आजीचा कान आला. त्या दिवशी मला सांगताना रडू आलं, आणि हवालदारांनी काथ्या बाजूला ठेवून मला शेंदून पाणी आणून दिलं. गंमत म्हणजे जे जे आलं त्याला नाव होतं, आणि नाव सांगितलं की ते दारात उभ्या असलेल्या पाहुण्याएवढंच उरायचं. रात्रभर विचारत बसायची मी, थांबायची. झोप कमीच होती. पण घाबरून जागणं आणि बघायला जागणं यात फरक असतो, तो मला कळायला लागला.

शिमगा जवळ आला. गावागावांत ढोल वाजायला लागले. ह्यांची रजा मंजूर झाली. नाट्याची वस्ती करून पहाटे परत यायचे आणि सकाळच्याच साताऱ्याच्या गाडीनं मला न्यायचे, असं ठरलं. "ट्रंक भरून ठेव," सांगून गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंक भरली. लुगडी, भांडी, सहावीचं पुस्तक. रात्री ती दाराकडं सरकवायला लागले आणि हात थांबला. भरलेली ट्रंक जड होती, सरकेना. मी तिच्यावर बसले. मग भीती आली. वारा नव्हता, घूस नव्हती, कुणीच नव्हतं. नुसती ती. मी विचारलं, पहिल्यांदाच ओठ हलवून, "हुकुमदार?" आणि थांबले. बराच वेळ थांबले. तिला नावच नव्हतं. दरोडा नव्हती, राखणदार नव्हती, दुसरी कुणीच नव्हती. सहावीपासून माझ्याबरोबर फिरत होती, बिनाघराची. आणि तिला विचारणारी मी मात्र घाबरलेली नव्हते. हे मला तेव्हा असं शब्दांत नाही कळलं. एवढंच कळलं की ट्रंकेवर बसलेली बाई आणि ती, अशा आम्ही दोघी आहोत. मी म्हणाले, "बस मग."

पहाटे हे आले. खडखडाट नाही. दार ढकललं तर नुसतं उघडलं. काहीतरी घडलं आत, असंच ह्यांना वाटलं म्हणे. मी चटईवर गाढ झोपलेली. ट्रंक भिंतीला, झाकण उघडं, आत काही नाही. भांडी फळीवर परत मांडलेली, लुगडी दोरीवर, पुस्तक कोनाड्यात. हे बूट न काढता उंबऱ्यावर बसून राहिले. साताऱ्याची गाडी गेली असेल त्या वेळेला मला जाग आली. ह्यांनी विचारलं, "चहा टाकतीस का मी टाकू?" बस. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

हवालदारांना मी रिपोर्ट दिला. "काल नुसती तीच आली. नावच सांगंना. बस म्हटलं."

त्यांचा वळता हात थांबला. "बस म्हणालीस?"

"व्हय."

"मी 'पास'च्या पुढं कधी गेलो नाय," ते म्हणाले. आणि कितीतरी वेळ सड्याकडं बघत राहिले, जसं त्यांनाच कुणी नवं काही शिकवून गेलं होतं. त्या रात्री मी पायरीवर भाकरी ठेवली. सकाळी ताटली घासून पालथी.

पुढं बदली झाली, आम्ही घाटावर गेलो. काही वर्षांनी ह्यांना एकदा रत्नागिरीची गाडी लागली, तेव्हा मुद्दाम सड्यावर जाऊन आले. हवालदार गेले होते. शेवटी काकीच त्यांच्याजवळ होत्या, गालावर चापट मारून घेणाऱ्या त्याच. काकींनी ह्यांना सांगितलं ते असं: दुपार होती, दार उघडंच. हवालदार दोन दिवस बोलले नव्हते. एकदम कोपरावर उठले, दाराकडं बघितलं आणि ओरडले, हुकुमदार. दारात कोण नव्हतं. काकींनी नीट बघितलं. हवालदार थांबले, कान देऊन, कुणी काही सांगतंय तसे. मग मान हलवून म्हणाले, "बस." आणि आडवे झाले.

"पास न्हाई म्हणाले?" मी ह्यांना विचारलं.

"बस म्हणाले, असं काकी सांगत होत्या. त्यांना वाटतंय राखणदार परत आला."

आता मी मुलीकडं बडोद्याला असते. सातवा मजला. दाराला लोखंडी जाळी, दोन कुलपं, वर साखळी. खाली गेटवर माणूस. मुलीला त्याशिवाय झोप येत नाही, म्हणून रोज सगळं मीच लावते, दोनदा ओढून बघते, खुराड्यासारखं. हे गेल्यापासून रात्री पुन्हा कुणी ना कुणी येतं. मी वाकळीतून हळूच विचारते आणि उत्तरासाठी थांबते. नाव सांगितलं तर ठीक, न सांगितलं तरी ठीक. मी भिंतीकडं जरा सरकून जागा करून देते.